जंगलातल्या निसर्ग केंद्रावर मुलांचा ग्रुप घ्यायचाय? मग हे वाचून जा

निसर्ग केंद्रात व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं, काही वेळा कुणाच्या तरी मागून ट्रेलवर फिरून झालं आणि आता कोऑर्डिनेटर म्हणतायत की पुढचा शाळेचा ग्रुप तुम्हीच घ्या, अशा माणसासाठी हे लिहितेय. टीचर लोकांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच, कारण सहल बिघडायची असेल तर ती बहुतेक वेळा बस सुटायच्या आधीच बिघडलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, म्हणजे पुढचं नाही वाचलं तरी काम भागेल. नवीन माणूस खूप दाखवायला जातो. आठवडाभर अभ्यास केलेला असतो, ढीगभर झाडांची नावं पाठ असतात आणि ती सगळी दोन तासांत मुलांच्या डोक्यात ओतायची असतात, मग मुलं पहिली दहा मिनिटं ऐकतात, नंतर एकमेकांना ढकलायला लागतात, मग आपण आवाज चढवतो आणि जे काही पक्षी जवळपास होते तेही उडून जातात. कमी चाला आणि कमी बोला. दोन तासांत अर्धा किलोमीटर झाला तरी खूप झाला, इथे कुठला पॉइंट गाठायचा नसतो.

आधी जागा समजून घ्या

केंद्र संस्थेचं असतं, पण जंगल संस्थेचं असेलच असं नाही. कुठे ते सरकारी असतं, कुठे एखाद्या ट्रस्टचं, कुठे कुणी जमीन दान दिलेली असते आणि त्या दानाच्या कागदात अटी असतात. आययूसीएन ही निसर्गरक्षणाचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था संरक्षित क्षेत्रांचे सहा प्रकार धरते, पहिल्याचे परत दोन भाग. एका टोकाला अशी जंगलं जिथे माणसाचा वावर जवळजवळ बंदच, आणि दुसऱ्या टोकाला अशी जिथून लोक नियमात राहून काही वस्तू घेऊही शकतात. तुमचं जंगल ह्यात कुठे बसतं हे माहीत असलं की अर्ध्या नियमांमागचं कारण आपोआप कळतं, आणि मुलांनी "का नाही?" विचारलं की "नियम आहे म्हणून" असं फालतू उत्तर द्यावं लागत नाही.

बऱ्याच ठिकाणी केंद्राची इमारत, पार्किंग, टॉयलेट आणि मुलांचे ट्रेल हे सगळं जंगलाच्या कडेला असतं. युनेस्कोचा 'माणूस आणि जीवावरण' कार्यक्रम १९७१ साली सुरू झाला, त्यातूनच पुढे आतला गाभा, त्याभोवती बफर आणि बाहेर माणसांचा पट्टा अशी रचना जगभर पसरली. गर्दी कडेला थोपवायची म्हणजे आतलं शांत राहतं. म्हणून "आत खोलवर नेलं नाही" ही तक्रार घेऊन कुणी आलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. पालापाचोळा, किडे, बुरशी, पक्षी हे सगळं कडेलाही असतंच.

कोऑर्डिनेटरना एवढं तरी विचारून ठेवा: सध्या कुठला ट्रेल बंद आहे (घरट्यांच्या सीझनमध्ये असतो), कशाला हात लावलेला चालतो, आणि काही झालं तर पहिला फोन कुणाला. फोनला रेंज कुठे येते तेही बघून ठेवा.

आणि हो, संस्था ना-नफा आहे म्हणजे सगळं फुकट असा बऱ्याच लोकांचा समज असतो. ना-नफा म्हणजे उरलेला पैसा कुणाच्या खिशात न जाता परत कामालाच लागतो, खर्च तर असतातच. शाळेने आदल्या दिवशी कॅन्सल केलं की संस्थेला ते लागतं, हे फोनवर नीट शब्दांत सांगायला लाजू नका. ज्या शाळांना फी जमत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे का तेही माहीत असू द्या, कारण ते लोक स्वतःहून विचारत नाहीत.

आदल्या दिवशी एक चक्कर

ज्या वेळेला ग्रुप येणार त्याच वेळेला ट्रेलवर एकदा जाऊन या. सकाळी सावलीत असलेली जागा अकरा वाजता तापलेली असते. वर बघा, अर्धवट तुटून लटकलेली फांदी असेल तर तिच्याखाली थांबायचं नाही. कुठे मधमाश्या किंवा गांधीलमाश्यांचं पोळं आलंय का बघा. थांबायच्या चार जागा ठरवा, त्यातल्या दोनच वापरल्या जातील, पण निवडायला चार हव्यात.

थांबायची जागा निवडताना एक गोष्ट लोक विसरतात. तीस मुलं गोल करून उभी राहिली की ती आपोआप पायवाटेच्या बाहेर सांडतात. पायाखाली तुडवलेल्या जागांचा बराच अभ्यास झालाय आणि त्यात परत परत हेच दिसलंय की सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही वेळेसच होतं, नंतर कितीही लोक गेले तरी त्यात फार भर पडत नाही. म्हणजे आधीच उघडी झालेली, टणक झालेली जागा वापरायची आणि नवीन जागा अजिबात तुडवायची नाही. "सगळे पसरून चाला म्हणजे एका जागी भार येणार नाही" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मुलांच्या ट्रेलवर ते नेमकं उलटं पडतं. मातीतली हवेची भोकं दाबली गेली की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि ते भरून यायला कित्येक वर्षं जातात.

टीचरशी बोलून घ्या

ईमेलवर भागवू नका, फोन करा. कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणाचा इन्हेलर आहे आणि तो ट्रेलवर कुणाच्या बॅगेत असेल (बसमध्ये राहिलेला इन्हेलर काही कामाचा नाही), कुणी व्हीलचेअरवर आहे का, कुणाला किड्यांची खूप भीती आहे का. मुलं किती आणि मोठी माणसं किती. साधारण आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं मी धरते, लहान मुलं असतील तर त्याहून कमी मुलांमागे एक. आणि कुठलंही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर नजरेआड जाणार नाही, टॉयलेटला सुद्धा नाही, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेलं असावं.

कपडे: फुल पँट, बंद बूट, पाण्याची बाटली. बस. नवीन पांढरे बूट घालून आलेलं मूल पूर्ण वेळ बूटच बघत असतं म्हणून जुने घाला असं स्पष्ट सांगा.

आणि वर्कशीट नको. ह्यावर टीचर लोकांशी माझे वाद होतात, पण मी ठाम आहे. हातात कागद आला की मुलं कागद भरतात, समोर घुबड येऊन बसलं तरी "ताई, चौथ्याचं उत्तर काय" एवढंच ऐकू येतं. कागद-पेन्सिल द्यायचीच असेल तर कोरी द्या, चित्र काढायला, तीही एकाच थांब्यावर.

बस आली

आधी टॉयलेट. ह्याच्यावर काही चर्चा नको.

मग बूट. दाराशी ब्रश असेल तर प्रत्येकाने बूट घासून आत यायचं, कारण तळव्याच्या मातीतून बाहेरच्या तणांचं बी आणि रोगाचे जंतू आत येतात. न्यूझीलंडमधल्या कौरी झाडांचं उदाहरण मुलांना सांगा, एकदम लागू पडतं. ती झाडं हजार वर्षांच्याही पुढे जगतात, आणि त्यांना मातीतून पसरणारा एक रोग लागलाय ज्यावर अजून पक्का इलाज नाही, म्हणून तिथे जंगलाच्या तोंडाशी बूट घासायची-धुवायची स्टेशनं बसवलीत आणि काही पायवाटा चक्क बंद केल्यात. एवढ्या मोठ्या झाडाला बुटाला चिकटलेली चिमूटभर माती पुरते, हे ऐकल्यावर मुलं इतकं मन लावून बूट घासतात की पुढच्याला ब्रश मिळेना.

नियम तीनच सांगा. पुढच्या माणसाच्या पुढे जायचं नाही आणि मागच्याच्या मागे राहायचं नाही. काही तोडायचं नाही, उचलून न्यायचं नाही. हात लावायच्या आधी विचारायचं. दहा नियम सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. "मग पडलेलं पीस तरी नेऊ का?" हा प्रश्न येतोच येतो. नाही. काही देशांत ते कायद्यानेही चालत नाही, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८ सालचा कायदा आहे त्यात संरक्षित पक्ष्याचं गळून पडलेलं पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही, कारण हे पीस सापडलंय की पक्षी मारून काढलंय हे बघून कुणालाच सांगता येत नाही. हे कारण मुलांना पटकन पटतं.

हरवलं तर काय करायचं तेही इथेच सांगा, आत गेल्यावर नको. जिथे आहेस तिथेच थांब, एखादं झाड धर आणि त्याच्याजवळच बस. अमेरिकेत १९८१ पासून मुलांना झाडाला मिठी मारून थांबायला शिकवणारा एक कार्यक्रमच चालतो. चालत राहिलेलं मूल शोधणं अवघड, एका जागी बसलेलं सोपं. प्रत्येक थांब्यावर मोजणी करा, तोंडाने आकडा म्हणत, टीचरनी वेगळी आणि तुम्ही वेगळी.

ओंडका

मला एकच थांबा घ्यायला सांगितला तर मी कुजलेला ओंडका घेईन. त्यासाठी नशीब लागत नाही. पक्षी दिसेल न दिसेल, हरीण तर तीस मुलांच्या आवाजाला येणारच नाही, पण ओंडक्याखाली काही ना काही असतंच.

उलटायचा कसा: मुलांना तुमच्या मागे आणि बाजूला अर्धगोल उभं करा. पलीकडची कड हातमोजे घालून धरा आणि दार उघडतो तसा ओंडका स्वतःकडे उचला, म्हणजे खाली साप-विंचू असेल तर त्याला पलीकडे जायला वाट मोकळी राहते आणि तुमच्यामध्ये लाकडाची आड असते. बोटं खाली घालून आपल्या बाजूने उचलायचा नाही. सगळं नीट दिसलं, धोक्याचं काही नाही असं कळलं की मग मुलांना पुढे घ्या. बघून झालं की जसा होता तसाच हळू परत ठेवा, आधी जीव बाजूला जाऊ द्या. एका ग्रुपला एकच ओंडका, आणि रोज तोच नको. खालचा ओलावा उडाला की तिथलं घर संपलं.

आता गप्प राहा. खरंच, अर्धा मिनिट काही बोलू नका. कुणीतरी "ईऽऽ" करेल, कुणीतरी मागे सरकेल, आणि मग कुणीतरी खाली वाकेल, आणि ते वाकलं की बाकीचे वाकतात. मग पाय मोजायला सांगा. सहा पाय म्हणजे कीटक, आठ म्हणजे कोळ्याच्या घरातला. खूप पाय असतील तर अजून नीट बघायचं, शरीराच्या बहुतेक प्रत्येक कड्याला दोन-दोन जोड्या असतील तर तो वाणी किडा, पाला खाणारा, हात लावला की वेटोळं करून पडून राहणारा. प्रत्येक कड्याला एकच जोडी असेल आणि सुसाट पळत असेल तर ती गोम, शिकारी, आणि ती चावते, तिला हात नाही. करड्या रंगाचा, छोटासा, गोळी होऊन बसणारा जो असतो तो कीटक नाहीच, तो खेकडे-कोळंबीच्या जातकुळीतला, कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेणारा, म्हणून त्याला ओल लागते आणि म्हणून तो उन्हात दिसत नाही. जंगलात खेकड्याचा भाऊबंद राहतो हे ऐकून पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात.

मग लाकूड बघा. काही ठिकाणी ते तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकलेलं असतं, बोटाने दाबलं की भुगा. काही ठिकाणी पांढरट, ओलसर आणि दोऱ्यांसारखं सुटणारं असतं. हे दोन वेगळ्या प्रकारच्या बुरशींचं काम आहे. पहिल्या प्रकारची बुरशी लाकडातलं सेल्युलोज (तंतूंचा पदार्थ) खाते आणि लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) मागे ठेवते, दुसरी लिग्निनही फोडू शकते. शब्द सांगू नका, लहान मुलांना तर नकोच, फक्त विचारा की एकाच जंगलात दोन ओंडके वेगवेगळे का कुजले असतील. उत्तरं भन्नाट येतात. एखादं मूल म्हणेल एक जुना आहे, दुसरं म्हणेल एक पावसात भिजला, आणि कुणीतरी म्हणेल की खाणारे वेगळे असतील. ते आलं की पुढे चला, आपण त्यात काही जोडायची गरज नाही.

जवळ कुठे पडलेलं झाड "साफ का करत नाही" असं टीचर विचारतात, त्याचं उत्तर इथेच देऊन टाका: हेच त्या जिवांचं घर आहे.

झाडाचं वजन कुठून येतं

दुसरा थांबा एखाद्या मोठ्या झाडाशी. दोरी घेऊन जा, जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर घेर मोजायला लावा, जगभर बरेच वनवाले साधारण त्याच उंचीवर मोजतात. मग विचारा, एवढं लाकूड आलं कुठून? जवळजवळ सगळे म्हणतात मातीतून. मोठी माणसंही हेच म्हणतात, टीचरसुद्धा.

मग व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगा. १७ व्या शतकातला माणूस, त्याने कुंडीत २०० पौंड सुकी माती मोजून घातली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली ती फक्त दोनेक औंस. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. इथे थांबून मुलांना विचारा की मग काय निष्कर्ष काढाल. "पाणी!" असं सगळे ओरडतात, आणि त्यालाही नेमकं हेच वाटलं होतं. पाण्याचा वाटा आहेच, पण लाकडातला कार्बन हवेतून येतो, पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात त्यातून. म्हणजे हे समोरचं खोड बऱ्याच अंशी हवेचं बनलंय. असं म्हणून झाडावर थाप मारायला सांगा. मला विचाराल तर सगळ्या सेशनमध्ये ह्याच्याएवढं लक्षात राहणारं दुसरं काही नाही.

खोडावर दगडफूल असेल तर भिंग द्या. बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात तो जीव. विल्यम नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांवरून हवा कशी आहे ते ओळखता येईल असं लिहिलं होतं. गंधकाच्या धुराने बऱ्याच जाती मरतात. पण "दगडफूल आहे म्हणजे हवा शुद्ध" असं सरळ सांगू नका, काही जाती नायट्रोजनचं प्रदूषण वाढलं की उलट फोफावतात. कुठली जात आहे ह्यावर सगळं अवलंबून असतं.

शांत बसणं

प्रत्येक मूल दुसऱ्यापासून काही पावलं लांब, पायवाटेच्या कडेलाच, मोठ्यांच्या नजरेत. लहानांना तीन मिनिटं, मोठ्यांना दहापर्यंत. कोऱ्या कागदाच्या मधोमध स्वतःची फुली आणि जिकडून आवाज आला तिकडे खूण, एवढंच काम. पहिलं मिनिट खिदळण्यात जातं, त्यात पडू नका, दटावू नका, ते आपोआप विरतं. सगळ्यात जास्त त्रास मोठ्यांचाच असतो, मोबाईल वाजतो किंवा दोन टीचर कुजबुजत बसतात. त्यांनाही कागद द्या.

पक्षी यावेत म्हणून फोनवर त्यांचा आवाज लावायचा मोह होतो. लावू नका. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आलाय, मग तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो, आणि असं आठवड्यातून चार ग्रुप करायला लागले तर त्याचं काय होणार.

काही गोष्टी सांगू नका

"झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना खाऊ देतं" ही गोष्ट सगळीकडे फिरते. झाडाझाडांत कार्बनची ये-जा होते असं दाखवणारा सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांचा १९९७ सालचा पेपर खरा आहे, पण त्यावर चढवलेली गोष्ट फार मोठी झालीये, आणि २०२३ साली ह्याच विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासून लिहिलं की खऱ्या जंगलात ह्यातलं बरंच काही सिद्ध झालेलं नाही. मुळांवर बुरशी राहते, झाड तिला साखर देतं आणि ती झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देते, एवढं पक्कं आहे आणि एवढंच पुष्कळ भारी आहे.

तसंच "जंगल म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं". जुनं जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं जवळजवळ तेवढाच तिथलं कुजणं आणि श्वास घेणं वापरून टाकतं. जंगल महत्त्वाचं आहे ते कार्बन धरून ठेवतं म्हणून, पाणी मुरवतं म्हणून, आणि एवढे जीव तिथे राहतात म्हणून. फुप्फुसं शरीरात ऑक्सिजन घेतात, हेही एखादं चुणचुणीत पोर तुम्हाला ऐकवेल.

लहान मुलांना जग संपत चाललंय वगैरे सांगू नका. आठ वर्षांचं मूल त्यावर काही करू शकत नाही, फक्त घाबरतं. आणि नाव आधी सांगू नका. नाव कळलं की मुलं बघायचं थांबवतात, "हां, माहितीये" म्हणून पुढे पळतात. आधी रंग, वास, पाय, काय करतोय, मग नाव. तुम्हाला नाव येत नसेल तर "मला नाही माहीत, फोटो काढू आणि केंद्रावर जाऊन शोधू" म्हणा. ह्यात लाज काही नाही.

हात, बेडूक, गोचीड, वीज

बेडकाला हात लावायचा नाही. त्याची कातडी ओली असते आणि त्यातून तो पाणी, हवा, आपल्या हातावरचं सॅनिटायझर, डासांचं क्रीम सगळं शोषून घेतो. शिवाय बेडकांत पसरणाऱ्या एका बुरशीने जगभर त्यांच्या कित्येक जाती संपवल्यात, एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात ती आपल्या बुटांवरूनही जाऊ शकते.

गोचीड असलेल्या भागात पँट मोज्यांत खोचा आणि परत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, कानामागे बघा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. तेल लावणं, काडीने चटका देणं हे घरगुती उपाय करू नका. मुलांच्या बाबतीत हे काम टीचर किंवा पालकांच्या परवानगीनेच, आणि नोंद ठेवून.

वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा इमारतीत किंवा बंद बसमध्ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. खरं तर गडगडाट ऐकू आला की मोजत बसण्यापेक्षा सरळ परतच फिरावं. जोराचा वारा असेल तर ट्रेल कॅन्सल, मुलं कितीही रडू देत. फांद्या पडतात, आणि हा निर्णय टीचरचा नाही, तुमचा आहे.

दंगा करणाऱ्या मुलाला काम द्या. "तू शेवटचा माणूस, तुझ्या मागे कुणी राहिलं तर मला सांगायचं." बऱ्याचदा तेच मूल मग सगळ्यांना शिस्त लावत फिरतं, जरा जास्तच. घाबरणाऱ्याला मात्र ढकलू नका, दोन पावलं मागून बघितलं तरी बघितलंच ना.

नोंदी आणि नंतरचं

फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (दिसलेल्या जिवांच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप) टाकायचे असतील तर केंद्राच्या अकाउंटवरून टाका, १३ वर्षांखालच्या मुलांची स्वतःची अकाउंटं पालकांच्या परवानगीशिवाय चालत नाहीत. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण ते अ‍ॅप स्वतःहून धूसर करतं, पण घरट्याचा फोटो कुठेच टाकू नका, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. मुलांचे चेहरेही परवानगीशिवाय नको.

त्याहून साधं आणि माझ्या मते जास्त कामाचं म्हणजे शाळेला एक झाड ठरवून देणं. दर वर्षी त्याला पहिली पालवी कधी, पहिलं फूल कधी, एवढीच तारीख. इंग्लंडमधल्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या अशाच खुणा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते १९५८ पर्यंत चालवलं. आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे त्या तारखा वापरतात. शाळेच्या वहीतून लगेच असं काही निघणार नाही, पण त्या निमित्ताने तीच शाळा परत येते, आणि दुसऱ्यांदा आलेली मुलं पहिल्यांदा आलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त बघतात.

देणगीदारांच्या रिपोर्टसाठी सगळे डोकी मोजतात, अमुक इतकी मुलं आली. तो आकडा द्यावा लागतो, द्या. पण स्वतःसाठी वेगळं तपासा. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसीमध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची जी परिषद झाली त्यात पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं मांडली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपलं सेशन ह्यातल्या कितीपर्यंत पोचतं ते बघा, बहुतेक सेशन दुसऱ्यावरच अडकतात. सहभाग म्हणजे मुलाच्या हातात असलेलं काहीतरी हवं, शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात पाला न जाळता न उचलता पडू देणं आणि त्याखाली कोण येतं ते महिनाभर बघणं, एवढं पुरे आहे. मुलांना घोषणा द्यायला लावणं सोपं असतं म्हणून सगळे तेच करतात.

बस गेली की रजिस्टर उघडा. कुठला ओंडका उलटला, कुठे थांबलात, कुठे फांदी लटकतेय, कुठल्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. हे त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी येणारा व्हॉलंटियर तोच ओंडका परत उलटू नये म्हणून तरी. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं आठवड्याभरात टीचरला पाठवा. आणि महिन्याने एक फोन करा, "सहल कशी झाली" असं नका विचारू, त्यावर सगळे छानच म्हणतात. मुलं अजून कशाबद्दल बोलतायत ते विचारा, आणि पुढच्या ग्रुपला तोच थांबा जरा जास्त वेळ द्या.